सरांच्या खोक्याचे एक कोटी ठोके

डोंबिवलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एका गृहस्थांच्या हॉलमध्ये हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची बैठक भरते. या गृहस्थांना सगळे 'सर' म्हणतात. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. आवाज मोठा असला आणि हॉलला एसी असला की तेवढ्यावर माणूस सर होतो. मी ठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं मोजमापाची यंत्रं तपासून पास-नापास केली, पण सरांच्या बैठकीत मी नुसती काकू. "काकू, चहात साखर चालते ना?" याहून तांत्रिक प्रश्न मला तिथे कुणी विचारला नाही.

सरांनी भंगारातून एक रुबिडियमचा खोका मिळवला होता. चांगला असेल तर असा खोका सेकंदाला बरोबर एक कोटी ठोके देतो आणि त्याच्याशी ताडून बाकीच्यांनी आपापली यंत्रं लावून घ्यायची. सरांनी एका केबलला टीचा जोड, त्या टीला आणखी टी लावून ते ठोके हॉलभर वाटले होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली माणसं आपली यंत्रं घेऊन प्रसादाच्या रांगेत उभी राहत.

त्या रविवारी मी खडवलीच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांना आग्रहानं नेलं होतं. गुरुजींनी स्वतः असेच ठोके देणारा, क्रिस्टलचा एक ऑसिलेटर बांधला होता आणि दोन वर्षं रोज सकाळी सहाला त्याचे ठोके उपग्रहाच्या वेळेशी ताडून वहीत लिहिले होते. वयानुसार क्रिस्टलचे ठोके किती सरकतात, ते त्यांना बघायचं होतं. अट एकच, ठोके कमीजास्त करणाऱ्या ऑसिलेटरच्या स्क्रूला हात लावायचा नाही. लावला की नोंद तुटली, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. बायकोच्या आजारपणातही त्यांनी एक सकाळ चुकवली नव्हती.

सरांनी ठोके मोजणारा काउंटर सगळ्यांकडे वळवला. "बघा, आपला रुबिडियम. एकावर दहा शून्यं! कोटीची सात, पॉइंटपुढची तीन."

लोक हरखले. मी काउंटरच्या मागे बघत होते. काउंटरलाही मोजण्यासाठी आधाराला एक ठोका लागतो आणि सरांनी तोही त्याच खोक्यातून दिला होता. खोका स्वतःलाच मोजत होता. तो कितीही चुकला असता तरी शून्यं दहाच आली असती. त्यात ठोका स्थिर झाला की लागणारा खोक्यावरचा लॉकचा हिरवा दिवा लागलेलाच नव्हता, म्हणजे ठोके भरवशाचे नव्हतेच. स्वतःची पाठ स्वतः थोपटणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यासाठी केबल जोडणारा हा पहिलाच.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण चहा आला आणि मी कप घेतला. सर हरभऱ्याच्या झाडावर आपणहून चढत होते. आणखी दोन फांद्या चढू देत, मग झाड हलवू, असं मी ठरवलं.

गुरुजींचा ऑसिलेटर शेजारच्या दुसऱ्या काउंटरला जोडला; त्यालाही आधार त्याच खोक्याचा. तीन हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तीन ठोके, कमी आला.

"गुरुजी, वह्या कसल्या भरताय?" सर हसले. "हा घ्या स्क्रूड्रायव्हर, आत्ताच जुळवून टाका."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, काय करू?"

मी कप तोंडाला लावला. सरांना अजून एक वाक्य बोलू द्यायचं होतं मला. ते बोललेच. "माझी गॅरंटी आहे. चुकलं तर हा खोका भंगारात घालीन."

मग मी उठले आणि सरांच्या पहिल्या काउंटरच्या मागची आधाराची केबल उपटली. काउंटर आता स्वतःच्या ठोक्यावर मोजू लागला; शून्यं गेली, भलतेच आकडे आले. "सर, हिरवा दिवा कधी लागायचाय?" हॉल खो खो हसला. सर व्होल्टेजबद्दल काहीतरी पुटपुटले. इतकं समाधान मला निवृत्तीच्या समारंभातही मिळालं नव्हतं.

वळून पाहिलं तर गुरुजींचा स्क्रू फिरवून झाला होता.

स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. वही त्यांच्या पिशवीत होती. मी सरांना नावं ठेवत राहिले आणि ते ऐकत राहिले. फलाटावर त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला कधी कळलं?"

"चहा यायच्या आधी."

"बरं," ते म्हणाले. कसारा गाडी आली, त्यात चढले. दर वेळी निघताना ते 'या एकदा खडवलीला' म्हणतात. या वेळी म्हणाले नाहीत.