मी रस्ता खाल्ला तेव्हा

आमच्या बारामती-इंदापूरकडं 'रस्ता खाल्ला' म्हटलं की लोक ठेकेदाराकडं बघतात. मी ठेकेदार नाही, विहिरी-बोअरवरच्या जळलेल्या मोटारी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरून द्यायचं दुकान चालवतो. तरी एकदा मीही रस्ता खाल्लाय. तोही दातांनी सोलून.

निमगाव केतकीकडून बारामतीला जाताना आमच्या आडवाटेवर कॅनॉलचा एक जुना दगडी पूल होता. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद, आणि मधे उंटाच्या पाठीसारखा वर आलेला, त्यामुळं या टोकाचं त्या टोकाला दिसायचं नाही. मोबाईलला तिथं रेंज नव्हती. एरवी खपून जायचं. पण कारखाना सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर यायचे, आणि दोन ट्रॅक्टर मधोमध तोंडाला तोंड लावून उभे राहिले की संपलं. दोन ट्रेलर जोडून मागं घेणं अवघड, आणि जमत असलं तरी कुणी घेत नाही.

यावर अलीकडच्या टोकाला पंक्चर काढणारे चाचा आणि पलीकडच्या टोकाला चहाची टपरी चालवणारे तात्या, या दोघांनी तोड काढली होती. चाचा दहा गाड्या सोडायचे आणि शेवटच्याच्या हातात एक ऊस द्यायचे, शेंड्याला लाल फडकं बांधलेला. तो ऊस तात्यांच्या हातात पडला की समजायचं, अलीकडचे संपले, पूल मोकळा. मग तात्यांच्या दहा गाड्या, आणि शेवटच्याबरोबर ऊस परत. काठी का नाही, असं कुणी विचारलं की चाचा म्हणायचे, "काठी कुणीबी घिऊन जाईल. उसाला हितं कोण हात लावतंय?"

चाचांचं बरोबरच होतं. फक्त त्यांनी मला हिशोबात धरलेलं नव्हतं.

मी बारामतीला जायचो ते मोठ्या रस्त्यानं, एसटीत बसून, तेही झोपून. त्या पुलाची मला काहीच माहिती नव्हती. त्या दिवशी मात्र मुलगी बघायला चाललो होतो आणि तिचं गाव पुलापलीकडं होतं. वडील आणि चुलते मागून जीपमधून येत होते. जीपमध्ये शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून मी मोटारसायकलवर पुढं निघालो. पुलावर नेमका दहावा नंबर माझा लागला. गडबडीत चाचांनी माझ्या हातात ऊस दिला आणि एवढंच म्हणाले, "नीट न्या, पावणं."

मला वाटलं, नव्या शर्टावरनं ओळखलं यांनी, शुभकार्याला चाललाय म्हणून शकुनाचा दिला. केवढी माणुसकी राहिलीय अजून, असा विचार करत मी फडकं सोडून खिशात घातलं आणि ऊस मांडीखाली धरला. बिनफडक्याचा ऊस आमच्याकडं कुणाच्याही हातात असतो. तात्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पुढं दोनेक किलोमीटरवर एका लिंबाखाली थांबून मी तो निवांत खाल्ला. गोड होता, खोटं कशाला बोलू.

मुलीच्या घरी पोचलो तर तिथं पुरुषमाणूस कुणी नाही. तिचे वडील तिच्या मामांना आणायला इंदापूरला गेले होते, येतीलच, असं तिची आई म्हणाली. मामांशिवाय बघण्याचा कार्यक्रम सुरू होणार नव्हता. आई चुलीपाशी. मुलगीच पाणी घेऊन आली. उसानं हात चिकट झाले होते, म्हणून मी ऐटीत खिशातनं लाल फडकं काढून पुसले.

तिनं फडक्याकडं बघितलं आणि हे कुठं मिळालं म्हणून विचारलं. मी पुलावरच्या भल्या माणसाची सगळी कथा रंगवून सांगितली, उसाच्या गोडीसकट. ती दाराच्या चौकटीला धरून हसायला लागली. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली.

"अवो, त्यो ऊस न्हवता," ती म्हणाली. "रस्ता हुता. तुमी रस्ता खाल्ला."

ती रोज त्याच पुलावरून एसटीनं कॉलेजला जायची. तिनं चाचा-तात्यांची सगळी रीत समजावून सांगितली. म्हणजे या घडीला पूल रिकामा होता, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांची वाट बघत उभी होती. त्यात तिचे वडील होते, मामा होते, माझे वडील होते. मग तिचं हसू ओसरलं. "आत्ता जाऊन सांगितलं तर धा मिन्टात सुटंल," ती म्हणाली. "उनात हायेत लोक."

मी हो म्हणालो आणि उठलो नाही.

उठलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मला दिसायला लागलं ते असं: मी हातात फडकं घेऊन पुलावर उभा, आणि समोर मामा. लग्नच मोडायचं. त्यापेक्षा सुटंल आपोआप, असं काहीतरी मी पुटपुटलो. आणखी एक कारण होतं, ते त्याहून वाईट. मला तिथनं हलावंसंच वाटत नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली होती. पाण्यातली मोटार सारखी का जळते, असं तिनं विचारलं. व्होल्टेज, कोरडी बोअर, कॉइल, सगळं मी सांगत गेलो आणि ती ऐकत गेली. मोटारीबद्दल माझं एवढं मन लावून गिऱ्हाइकानंही कधी ऐकलेलं नाही. मधून मधून ती रस्त्याकडं बघायची, मग माझ्याकडं. मी पुढची कॉइल सांगायचो.

तासाभरानं तिचे वडील, मामा आणि माझी माणसं घामाघूम होऊन चालत आली. वाट बघून दोन्हीकडच्यांचा धीर सुटला होता आणि दोन्हीकडनं गाड्या एकदम पुलावर घुसल्या होत्या. दोन ट्रॅक्टर मधोमध अडकलेले. मामा खाटेवर बसले आणि ऊस पळवणाऱ्याचा उद्धार सुरू केला. ते फार वेळ चाललं. मी गप्प बसावं की नाही? पण माझं तोंड. मी म्हणालो, "असल्या माणसाला पुलावर उभं करून हाणला पायजे, मामा."

ती पोह्याच्या बशा घेऊन येत होती. तिथंच थबकली. मग तिनं बशी माझ्यापुढं ठेवली, माझ्याकडं न बघता.

निघताना मी मोटारसायकलला किक मारत होतो तेव्हा ती गोठ्याकडं जाता जाता जवळ आली. "ऊस खाल्ला त्याचं हसू आलं मला," हळूच म्हणाली. "परत गेला न्हाईत, त्याचं न्हाय आलं."

चौथ्या दिवशी नकार आला. वडील म्हणाले, मामांना पसंत नसेल. मीही व्हय म्हणालो.

त्यानंतरचे दोन हंगाम मी दर रविवारी त्या पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभा राहिलो. चाचांना खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी पंक्चरच्या पाण्यातनं हात काढला आणि मला तात्यांच्या टोकाला उभं केलं. तात्यांना तेवढाच आराम. मी ऊस घ्यायचो, दहा गाड्या मोजून सोडायचो. वाहतूक कोंडी सोडवणारा तरुण म्हणून गावानं मला पुलावरच शाल-नारळ दिला, समाजसेवेवर भाषणं झाली. मी शाल पांघरून एसटीच्या खिडक्या बघत होतो. रविवारी कॉलेज बंद असतं, हे एवढ्या दिवसांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुकानाची सुट्टी रविवारी, म्हणून मी रविवारी.

ती आली ती लग्न करून. इंदापूरकडं दिली होती. फुलं लावलेली गाडी रांगेत सातवी का आठवी. मी धावत गेलो, पुढच्यांना बाजूला घ्यायला लावलं आणि ड्रायव्हरला म्हणालो, तुमी व्हा पुढं. काच खाली झाली.

"नंबरानंच जाऊ द्या," ती म्हणाली.

तेव्हा ती गाडी नंबरानं थांबली. वीसेक मिनिटं असेल. मी हातभर अंतरावर उभा, पुलाकडं बघत, जसं काही माझं फार काम खोळंबलंय. शेजारी नवरदेव झोपलेला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, दुकान चाललंय का. मी म्हणालो, चाललंय.

"मोटारी जळत्यात अजून?"

"जळत्यात."

अलीकडच्या गाड्या संपल्या आणि मला तिची गाडी सोडावी लागली. आणखी एक ट्रॅक्टर आडवा यावा असं त्या पुलावर वाटलेला मी एकटाच माणूस असेन.

माझंही पुढं लग्न झालं, चांगलं झालं. बायको पुलाच्या अलीकडचीच, त्यामुळं बघायला जाताना वाटेत काही खायची सोय नव्हती.

आता तिथं दोन पदरी नवा पूल आहे. चाचा राहिले नाहीत, तात्यांची टपरी मोठ्या रस्त्याला गेली. मी बारामतीला तांब्याची तार आणायला त्याच वाटेनं जातो. पूल कधी आला आणि कधी मागं पडला, कळत नाही. कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. मी उगीच गाडी हळू करतो, तर मागचा हॉर्न वाजवतो, आणि त्याचं बरोबर आहे. पूल रुंद करून द्या म्हणून गावानं जो अर्ज केला होता, तो मीच लिहिलाय. पहिली सही माझी आहे.