गासडीची हाक आणि विमानाचा पंख

विमान सोलापुरात उडत आले नाही. ते मालगाडीने आले, सरकीच्या पोत्यांच्या वाघिणींमागे जोडून, आणि ते उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे होते. त्या काळी मी मालधक्क्यावर कारकून होतो. पुढे कितीतरी वर्षे लोक विचारीत, "तुम्ही म्हणे विमान हाताळलंय?" मी सांगत असे, "हो. तुकड्यातुकड्यांनी."

मुंबईची एक कंपनी गावोगाव विमान नेई आणि पैसे घेऊन लोकांना वर फिरवून आणी. हे विमान परदेशातून बोटीने सुटे होऊन आले होते. त्याची जोडणी मुंबईत न करता थेट सोलापुरात, गिरण्यांच्या पलीकडच्या माळावर करायची असे ठरले. घाटावरून उडवत आणायला वैमानिक तयार होता, विमा कंपनीवाले तयार नव्हते. म्हणून जे यंत्र मुंबई-सोलापूर अंतर सकाळच्या चहानंतर निघून जेवणापूर्वी कापू शकले असते, ते चार दिवस रुळांवरून आले. त्यांतले दीड दिवस ते दौंडला बाजूच्या रुळावर उभे होते.

मला याद्या करण्याची सवय आहे. वाणसामानाची यादी, पावसाळ्याआधी करायच्या कामांची यादी, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, करायच्या याद्यांची यादी. ही शेवटची मी एकदाच केली होती. विमान येणार असे कळल्यावर मी बसलो आणि मालधक्क्यावर मालाचे जे जे वाईट होऊ शकते ते सगळे लिहून काढले. पडणे, भिजणे, दोर घासणे, उंदीर, माकडे, बघ्यांचे हात, बिडीची ठिणगी. सगळ्यांत वर लिहिले: आकडे.

आमच्या हमालांच्या हातात लोखंडी आकडा असे. सोलापूरच्या धक्क्यावर मुख्य माल म्हणजे कापसाच्या गासड्या आणि कापडाच्या गाठी. आकडा मारायचा, ओढायचा, पाठीवर घ्यायचा. माणूस समोर आला तरी काहींचा हात आधी आकड्याकडे जाई. गोणपाटात गुंडाळलेले काहीही दिसले की आकडा मारणार, हे मला पक्के माहीत होते. आणि विमानाचे पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड.

या कामात खरी गोची वेगळीच होती. हमालांच्या टोळीचा मुकादम सांगोल्याकडचा होता. पन्नाशीचा, रुंद, कमी बोलणारा. लागोपाठ दोन वर्षे पाऊस झाला नाही तेव्हा तो गावातली माणसे घेऊन सोलापूरला आला आणि धक्क्यावर काम धरले. मागाहून बायकामुले आली. आता सगळी शुक्रवार पेठेच्या मागच्या बाजूला झोपड्या घालून राहत होती. गावाकडे परतायचे तर तिथे दगडांखेरीज काही नव्हते. आणि त्या वर्षी एका बाहेरगावच्या ठेकेदाराने आमच्या गुड्स मास्तरांना सांगून ठेवले होते की, माझी माणसे घ्या, माझ्याकडे दोन चाकांचे ढकलगाडे आहेत. साहेबांना ढकलगाड्यांचा फार मोह पडला होता.

त्यांनी मुकादमाला बोलावून माझ्यासमोरच सांगितले, "हे विमान नीट उतरव. कंपनीची तक्रार आली, तर एक तारखेपासून दुसरी टोळी."

मुकादम म्हणाला, "व्हय साहेब." बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बाबू, ह्ये इमान जड असतंय का?"

"मोठं असतं," मी म्हणालो. मला जे ठाऊक होते तेवढेच मी सांगितले.

गाडी सकाळी लागली. विमानाचे धड उघड्या वाघिणीवर ताडपत्रीखाली होते. शेपूट वाघिणीच्या बाहेर गेले होते, म्हणून तिच्या मागे एक रिकामी वाघीण नुसती जागा राखायला जोडली होती. पुढचा फिरता पंखा एका पेटीत आणि दोन्ही बाजूंना एकावर एक बसणारे चार पंख दोन लांबलचक पेट्यांत. त्यातली एकेक पेटी आमच्या धक्क्यावरच्या कोणत्याही वस्तूपेक्षा मोठी होती. बरोबर कंपनीचा मिस्त्री होता, मूळचा कोकणातला, किडकिडीत, सतत शिंकणारा. कंपनीतर्फे माल ताब्यात घेण्याची सही त्यानेच करायची होती.

मी सगळ्यांचे आकडे काढून घेतले आणि माझ्या खोलीत खिळ्यांना टांगले. हमालांना ते आवडले नाही. एक जण म्हणाला, "बाबू, आता धोतर बी काडून ठेवू का?" मुकादमाने त्याच्याकडे पाहिले आणि तो गप्प झाला. धड उतरले. फिरता पंखा उतरला. मी यादीतल्या टळलेल्या ओळी एकेक करून खोडत होतो आणि मनातून समाधानी होतो.

आता आमच्या धक्क्याची एक रीत सांगायला हवी. टोळी एकत्र उचलते ती मुकादमाच्या हाकेवर. पण हाक एकच नसते. साखरेच्या पोत्याला तुटक हाक. तेलाच्या पिंपाला दोन टप्प्यांची. गासडीला सगळ्यांत लांब, पोटातून काढलेली, आणि तिच्या शेवटच्या हिसक्याला सगळे मिळून उठतात. माणूस वजनाकडे बघत नाही, हाकेकडे बघतो. हाक ऐकली की पाठ, मांड्या आणि खांदे आपापले ठरवून टाकतात. नवीन हमालाला हे अंगात मुरायला वर्ष लागते, आणि मुरले की जात नाही.

मुकादमाने पंखांच्या पेटीकडे पाहिले. एवढी लांब, एवढी रुंद पेटी. त्याने आठ जण लावले, चार या बाजूला, चार त्या बाजूला. मग छाती भरून घेतली आणि गासडीची हाक दिली.

पेटीत हवा, कापड आणि थोडे लाकूड होते. आठ माणसांनी गासड्यांचा जोर लावला आणि पेटी वर गेली. त्यांच्या हातांतून सुटून वर गेली. शेडच्या पत्र्याच्या कडेवर तिचा पुढचा कोपरा दाणकन आदळला, पत्रा वाजला, कबुतरे उडाली, आणि ती पुन्हा त्यांच्याच हातांत आली. पडली नाही. आठांनी ती झेलली. आठही जण ती तशीच धरून वर पत्र्याकडे बघत राहिले.

मग मिस्त्री शिंकला.

कोपऱ्याची फळी मोडली होती आणि आत फडके दिसत होते. मी माझ्या यादीकडे पाहिले. यादीत 'पडणे' होते. 'वर जाणे' नव्हते.

गुड्स मास्तर त्या वेळी तार वाचायला आत गेले होते. पत्र्याचा आवाज ऐकून ते दारात आले. "काय पडलं?"

त्या दाराजवळून मोडलेली फळी दिसत नव्हती. मोडका कोपरा पलीकडे होता, आणि हमालांनी पेटी जमिनीवर ठेवून तिच्याभोवती घोळका केला होता. मला स्पष्ट आठवते, कोणीतरी एक हमाल मुद्दाम त्या कोपऱ्यासमोर जाऊन उभा राहिला होता.

मुकादमाने त्याला हाताने बाजूला केले. "पडलं न्हाय, साहेब," तो म्हणाला. "वर गेलं. हाक माझी चुकली."

"वर गेलं म्हणजे?"

"उडालं, साहेब."

साहेबांनी मिस्त्रीकडे पाहिले. मिस्त्री म्हणाला, "ते खरं सांगतायत. पण आत काय झालंय ते माळावर पेटी उघडल्याशिवाय कळायचं नाही. सही मी तिथे करीन."

साहेबांनी मला सांगितले, "तू बरोबर जा. काय निघतं ते मला येऊन सांग." आणि मुकादमाकडे न बघता आत गेले. मुकादम तिथेच उभा राहिला. मग खाली बसून मोडक्या फळीचे तुकडे गोळा करू लागला, ते परत जोडता येणार असल्यासारखे.

धडाला स्वतःची चाके होती. त्याचे शेपूट बैलगाडीच्या मागे बांधले आणि विमान उलटे निघाले, शेपूट पुढे, नाक मागे. पंखांच्या पेट्या वखारीच्या लाकडे वाहायच्या लांब गाडीवर. धड ओढणारा गाडीवान शहरातलाच मुसलमान म्हातारा होता. चौकात मला म्हणाला, "बाबू, इसकू उडना आता बोलते ना? फिर मेरे बैलां कू कायकू जोते?" विणकरांच्या गल्लीतून जाताना ओट्यावर बसलेल्या बायका तेलुगूत काहीतरी बोलून खूप हसल्या. गाडीवानाला तेलुगू येत होते. मी विचारले काय म्हणतात, तर म्हणाला, "पूछो मत." मुकादम आणि त्याची माणसे मागून चालत होती. त्यांना यायचे कारण नव्हते, त्यांचे काम धक्क्यावर संपले होते. कोणी त्यांना परत जा म्हणाले नाही.

माळावर मिस्त्रीने पेटी उघडली. पंखाच्या टोकाला कापड वीतभर फाटले होते. त्याने आत हात घालून लाकूड चाचपले, डोळे मिटून. मुकादम त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"लाकूड शाबूत आहे," मिस्त्री म्हणाला. "कापडाचं काय, ते बोटीवरही फाटतं." त्याने सुईदोरा काढला, फाटलेले शिवले, वर त्याच जातीच्या कापडाचा तुकडा डकवला आणि त्यावर उग्र वासाचे रोगण फासले. पंख उन्हात ठेवला. मुंबईत हे वाळायला अख्खा दिवस लागतो म्हणे. माघाचा महिना होता, तरी दुपारी चहा होईपर्यंत पंख खडखडीत झाला. सोलापूरच्या उन्हाबद्दल कोणी चांगले बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

मग जोडणीची वेळ आली. पंख उचलून धडाला टेकवायचा, भोकासमोर भोक आणायचे, आणि मिस्त्री खिळी बसवेपर्यंत अजिबात न हलवता धरून ठेवायचा. कंपनीने यासाठी माणसे दिली नव्हती. वैमानिक दुसऱ्या दिवशी यायचा होता. मिस्त्रीने माळावर इकडेतिकडे पाहिले. माळावर मी होतो, म्हातारा गाडीवान होता, आणि मुकादमाची टोळी.

"पुन्हा उडवणार नाही ना?" त्याने विचारले.

मुकादमाने पंखाभोवती एक फेरी मारली. खाली हात घालून एकट्यानेच टोक जरासे उचलून पाहिले आणि पुन्हा ठेवले. त्याच्याजवळ धक्क्यावरच्या साऱ्या हाका होत्या, पण या वजनाची एकही नव्हती. मग तो आपल्या माणसांकडे वळला आणि म्हणाला, "गावाकडं आजारी माणूस बाजंवरनं न्हेतो का न्हाय दवाखान्याला? तसं." माणसे उभी राहिली. त्याने हाक दिलीच नाही. वाकून, अगदी हळू, कोणाच्या कानात सांगावे तसा म्हणाला:

"घ्या रं. लेकरू झोपलंय."

पंख उठला. कधी उठला ते कळलेही नाही. मिस्त्री वर चढला, खिळी बसेना म्हणून खाली आला, कानस घेऊन पुन्हा चढला. माणसे तशीच उभी होती. एकाच्या नाकावर माशी बसली. त्याने ती बसू दिली. शेजारचा ओठ न हलवता म्हणाला, "तुजंच नाक गोड दिसलं व्हय रं तिला?" आणि मुकादम त्याच हळू आवाजात म्हणाला, "हसला त्यो सांगोल्याला जाईल." कोणी हसले नाही.

चारही पंख संध्याकाळच्या आत लागले. मिस्त्रीने माझ्याकडून कागद घेतला, एक फळी मोडकी असे लिहिले, माल मिळाला, तक्रार नाही असे लिहिले, आणि सही करताना शिंकला, त्यामुळे सही थोडी लांबली आहे. मग म्हणाला, "तुमच्या साहेबांना सांगा, महिन्याभराने विमान असंच सुटं करून परत जाणार. चढवायला मला हीच माणसं हवीत. दुसऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवायला माझ्याकडे कापड नाही."

मी ते शब्द साहेबांना तसेच सांगितले. ते ढकलगाड्यांविषयी काही बोलले, मग विमान परत जाईपर्यंत थांबू म्हणाले. विमान परत गेले त्या आठवड्यात त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना ढकलगाडे ठाऊकच नव्हते, आणि मी आपणहून सांगितले नाही.

त्या महिन्यात माळावर रोज गर्दी असे. मिस्त्रीने मुकादमाला एक फेरी फुकट देऊ केली. मुकादम विमानाजवळ गेला, पंखाच्या ठिगळावर हात फिरवला आणि परत आला.

"का हो?" मी विचारले. "फुकट होती."

"न्हाय बाबू," तो म्हणाला. "आमी उचलायचं काम करतो. आमाला कुणी उचललेलं सोसत न्हाय."

मी धक्क्यावर पुढे बरीच वर्षे होतो. काचसामान, औषधाच्या बाटल्या, एकदा तर एका वकिलाचा आरसा आला. अशा वेळी गासड्यांचा सगळा गोंगाट चालू असताना शेडच्या एका कोपऱ्यातून मुकादमाचा तो दबका आवाज येई, "लेकरू झोपलंय रं," आणि आठ माणसे चवड्यांवर चालू लागत. मी तेव्हा यादीत एक ओळ वाढवली होती, 'वर जाणे'. तसे घडल्याची खूण तिच्यापुढे करायची वेळ कधी आली नाही.