पाच सिनेमे आणि आईचा निकाल

आमच्याकडच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी मला सांगितलं, एका प्रसिद्ध नटीचे पाच तऱ्हेचे पाच सिनेमे पाहा आणि दर आठवड्याला एकाचं परीक्षण द्या. मेहकरच्या शाळेत मराठी शिकवते म्हणून काम माझ्याकडे आलं. मला आधीच दुसऱ्याच्या चुका काढायची खोड, त्यात आता ते छापून येणार. मी चांगलीच फुगले.

लग्न मी केलं नाही. घरात आई आणि मी. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की टीव्ही लावायचा, शेजारी आई लसूण सोलत बसायची. आधी तिचा निकाल, मग माझं लिखाण, अशी रीतच पडली. विनोदी सिनेमा संपला तेव्हा ती म्हणाली, "हसते बापा मोकळी, पन नवऱ्यासंग बोलताना खोटं हसते." पोलिसाच्या सिनेमाला म्हणाली, "हिले दम देता येत नाही." दोन्ही वाक्यं मी सजवून माझ्या नावावर खपवली. लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं. ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "पुन्हा वाच." मला वाटायचं, लेकीचं कौतुक.

तिसरा भुताचा. आदल्या दिवशी पेपर तपासून डोळे जड झालेले, शेवटची दहा मिनिटं मी चक्क घोरत होते. पुन्हा पाहायचा कंटाळा. दिलं ठोकून, सगळं संपल्यावर नटी अंगणात येते आणि एकटीच दिवा लावते. कोण विचारतंय? चौथा घरगुती, सासू-सुनेचा. त्यात नटीच्या डोळ्यांतल्या अभिनयावर मी अख्खा परिच्छेद खर्च केला.

पाचवा दक्षिणेतला, हिंदीत आवाज दिलेला. नटीच्या तोंडी दुसऱ्याच बाईचा आवाज होता आणि तो मला खुपत होता. वीसेक मिनिटं झाली. पडदाभर नटीचा चेहरा होता, आणि आईनं विचारलं, "आपली बाई कवा येते वं?"

"आई, हे काय समोर. तीच तं बोलून राह्यली."

"हे? हे कोन दुसरीच आहे."

मी सिनेमा थांबवला. आईचं तोंड टीव्हीच्या जरा डावीकडे, भिंतीकडे होतं. काही न बोलता मी तिच्या डोळ्यांसमोर हात नेला. ती लसूण सोलतच राहिली.

"काऊन बंद केला?"

"आई, तुले दिसत नाही का?"

"उजीड दिसते ना. मोतीबिंदू पिकून राह्यला. पिकला का काढू, म्हनलं होतं ना आपन."

हो, मीच म्हटलं होतं. आमच्याकडे मोतीबिंदू आढीतल्या आंब्यासारखा पिकू देतात. जानेफळच्या मावशीचा असाच पिकवला होता, तिचं बरं झालं. म्हणून शिकलीसवरलेली मी, आईला एकदाही डॉक्टरकडे नेलं नाही. आता बुलढाण्याला नेलं, तर डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलाय तेवढा उजेड औषधानं टिकवू. रोज माझ्यासोबत जेवणारी बाई आंधळी होत गेली, आणि मी एका नटीच्या डोळ्यांवर परिच्छेद लिहीत होते. लाज वाटली, आजही वाटते.

परतीच्या एसटीत मी चिडूनच विचारलं, "सांगतलं काऊन नाही मंग?"

"सांगतलं असतं तं तू माह्यासाठी टीव्ही लावला असता का? आन् माह्यं अडलं कुठी? बोलनं कानानं समजे, बाकीचं तू वाचून दाखवे त्यात दिसे. तो भुताचा तं मले सबन दिसला. शेवटी ती एकटीच दिवा लावते ना, ते लय चांगलं आहे. झोपताना रोज तेच पाहतो मी."



घरी आल्यावर तिच्या डोळ्यांत औषध घातलं आणि त्या सिनेमाची शेवटची दहा मिनिटं लावली. नटी अंगणात येतच नाही. दिव्याचा तर पत्ताच नाही.

"आई," मी म्हटलं, "दिवा नव्हता. मी झोपली होती. मनानंच लिहिलं."

ती लसणाची परडी बाजूला सारून माझ्याजवळ सरकली.

"मंग काय आहे तिथं?" ती म्हणाली. "पाहून सांग. खरं खरं."