भोंग्यानंतरचा दिवा

फोन आला तेव्हा मी वडशाला, सासरच्या अंगणात धान वाळत घालत होते. "सुमी गेली, बाई," बाबा म्हणाले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. माहेरी, बल्लारपूरला जायला गाडीत बसले तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. कोणाचा, ते ठरवता येईना. आता महिना उलटला, तरी ठरत नाही.

सुमी माझी धाकटी बहीण. तिला डाऊन सिंड्रोम होता. बोटं आखूड, जीभ जराशी जड, आणि गल्लीतल्या कोंबड्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांशी घरोबा. बाबा पेपर मिलमध्ये वायरमन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका तापलेल्या दुपारी, तिला शाळेत फीट आली. नागपूरच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढला. आई, बाबा, मी, सगळे घाबरलेले; पण तारा म्हणजे बाबांचं काम, म्हणून सुमी मजेत. "बाबा, माह्या डोक्यात लाईट लावून राह्यले!" डॉक्टरही हसले. मग त्यांनी समजावलं, की मेंदूचे भाग सतत एकमेकांशी बोलत असतात, हिच्यात ते बोलणं वेगळ्या तऱ्हेनं चालतं, काही जोडण्या कच्च्या आहेत. पुढेही ते बरंच बोलले. पण वायरमनचं लक्ष त्या कच्च्या जोडण्यांपाशीच अडकलं.

घरी आल्यावर बाबांनी निकाल दिला, "वायरिंग कच्ची आहे. लोड पडला का फ्यूज उडते. आता हिच्यावर लोड नाई टाकाचा."

शाळा बंद झाली. चुलीजवळ जायचं नाही, भांड्याला हात लावायचा नाही, माझ्या लग्नानंतर हिवाळ्यात तिला वडशाला झाडीपट्टीची नाटकं बघायला आणावं म्हटलं तर तेही नाही. बटणांच्या बोर्डांवर बाबांनी प्लायवूडची झाकणं ठोकली, वर कडी घातली. तिनं पाणी मागायच्या आत पेला समोर यायचा. एवढी माया किती पोरींच्या वाट्याला येते, म्हणून कोणी बोट ठेवलं नाही. पलंगावर बसून सुमी बाई झाली. सुरुवातीला ती प्रत्येकाला विचारायची, "मी करू?" मग तिनं विचारणंच सोडून दिलं... मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं.

पुढे आईला लकवा मारला. बाबा ड्यूटीवर, आई अंथरुणात, आणि संध्याकाळी घरात काळोख. एक दिवस मिलचा भोंगा झाला, बाबा सायकलवरून गल्लीत वळले, तर वरांड्यात दिवा! त्यांना वाटलं, वडशाहून मीच आले.

"कोण आलं वो?"

"कोणी नाई," आई आतून म्हणाली. "सुमीनं लावला. भोंगा वाजला, तं म्हणे बाबा येते, बाहेर अंधार आहे."

भोंगा, बाबा, अंधार, दिवा. कोणी न शिकवता तिनं एकापुढे एक जोडलं होतं, आणि कडीही काढली होती. बाबा सायकल धरून उभेच राहिले. मग आई जे बोलली, ते त्यांनीच मला पुढे सांगितलं.

"डॉक्टरनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. जोडण्या कच्च्या आहेत, अन् वापरल्या तं पक्क्या होते. तुमी एकच आयकली."

"मंग तू काऊन नाई बोलली?"

"वायरिंगचं तुमाले समजते म्हणून."

त्याच संध्याकाळी बाबांनी सगळी झाकणं काढली. त्यानंतर सुमी चहा शिकली, आईच्या गोळ्या द्यायला शिकली, कोपऱ्यावरच्या दुकानातून एकटी दूध आणू लागली. आई गेली तेव्हा आलेल्या बायकांना पाणी तिनंच दिलं. सगळं सावकाश, पण एकदा बसलं की पक्कं. तिला अशी मोजकीच वर्षं मिळाली. ती शाळेपासूनच मिळाली असती, तर... हे 'तर' बाबा रोज गिळतात, आणि त्यांच्याकडे बघून माझा राग तोंडातच राहतो.

बाबा आता निवृत्त आहेत. वरांड्याच्या बोर्डाभोवती झाकणाच्या खिळ्यांची भोकं तशीच आहेत. परवा मी तिथेच होते. संध्याकाळी भोंगा झाला. अंधारून आलं होतं, म्हणून मी बटणाकडे निघाले, तर बाबांनी हातानंच मला थांबवलं. सुमीला पलंगावरून उतरून, चपला शोधून, बोर्डापर्यंत यायला वेळ लागायचा. तेवढा वेळ ते आतल्या दाराकडे बघत बसले. मग उठले, आणि दिवा लावला.