मच्छिंद्रानं न ऐकलेलं

बेबीनंदाचा आवाज मुळातच फाटका होता. घनसावंगीच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी तिला मागच्या रांगेत उभं करायचे आणि बाई सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव." आई उषाबाईलाही तो आवाज आवडायचा नाही. पोरीच्या जातीला असा घोगरा गळा बरा नव्हे, असं तिचं म्हणणं. तरी गाण्याची ओढ काही पोरीच्या अंगातून गेली नाही. वडील वारल्यावर मायलेकी जालन्याला मामाकडे आल्या. साल ब्याऐंशी. गल्लीतल्या अप्पारावांच्या ऑर्केस्ट्रात गाणारी बाई हवी आहे असं कानावर आलं आणि बेबीनंदा कुणालाही न विचारता तिथे जाऊन उभी राहिली.

अप्पारावांनी सिनेमातलं एक गाणं म्हणायला लावलं आणि दुसऱ्या ओळीलाच हात वर केला.

"बाई, तुझा गळा म्हंजे फुटकं मडकं. कोरसला ऱ्हाय. अन् माइकपासून जरा लांब."

गिटार वाजवणारा सिराजोद्दीन कोपऱ्यात तार बदलत बसला होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ऑर्केस्ट्रा लग्नांत, गणपतीत, उरसात वाजायचा. एरवी सिराज सदर बाजारात रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा. त्याचा चुलतभाऊ लालमियाँ औरंगाबादच्या एका हॉटेलात कामाला होता. अजिंठा-वेरूळ बघायला आलेले गोरे प्रवासी जाताना कॅसेटी सोडून जात, काही तो मागून घेई, आणि त्या सगळ्या सिराजच्या दुकानात येऊन पडत.

दुसऱ्या दिवशी सिराजनं बेबीनंदाला दुकानात बोलावलं आणि त्यातली एक कॅसेट लावली. एक परदेशी बाई गात होती. गात कसली, जीव तोडून ओरडत होती. मध्येच तिचा आवाज चिरायचा, खाली कोसळायचा, आणि ती तो खुशाल कोसळू द्यायची.

गाणं संपलं तरी बेबीनंदा स्टुलावरून उठली नाही.

"सिराजभाई, हिला कुणी गप बस म्हणलं न्हाई का?"

"म्हणलं असंल. तिनं ऐकलं न्हाई. बिलकुल तुझाच गळा हाय हा, बेबी. अप्पारावला काय मालूम!"

त्या दिवशी घरी जाऊन ती पोटभर रडली. उषाबाईला वाटलं, पोरीला कामावरून काढलं.

ड्रमवर असायचा मच्छिंद्र. केदारखेड्याचा, साळूबाईचा एकुलता एक लेक. गाव सोडून तो इथल्या एका रोलिंग मिलमध्ये लागला होता. भट्टीतून निघालेलं लाल लोखंड रोलमधून ओढत त्याच्या सळया करायच्या, हे काम. तिथल्या दणदणाटानं बाकीच्यांची डोकी उठायची, मच्छिंद्र मात्र त्यात ताल धरायचा. हसताना खाली बघायचा. बेबीनंदाशी त्यानं केलेलं पहिलं बोलणं म्हणजे, "तुम्ही वरच्या सुराला भिता. भिऊ नका, मी खाली हाय."

बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये तिघं दुपारचे जमायला लागले. सिराजचा हट्ट होता की मुळापासून शिकायचं. म्हणून आधी ब्लूज. एकच दुःख तीन सुरांत फिरवून फिरवून सांगायचं. मग त्याच सुरांना पाय फुटल्यासारखं उड्या मारणारं जुनं रॉक अँड रोल. त्याच्या पुढच्या काळातली गाणी लांबलचक आणि धुरकट होती, गिटार रस्ता चुकल्यासारखी भटकायची आणि सिराज डोळे मिटून म्हणायचा, "जाऊ द्या तिला, येती परत." मग हार्ड रॉक आलं आणि हेवी मेटल आलं. ते ऐकून मच्छिंद्र उठूनच उभा राहिला.

"हे तर आमच्या मिलमधलंच हाय की! ह्या लोकांच्या गावात बी भट्ट्या असतील."

पंक त्याला पटलं नाही. न शिकता चिडून वाजवल्यासारखं आहे, म्हणाला. बेबीनंदाला तेच फार आवडलं. दोघं त्यावरून शेडपासून घरापर्यंत भांडत गेले, आणि उषाबाईनं दारातून ते भांडण पाहिलं आणि काय समजायचं ते समजली. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं. मिरवणुकीत अप्पारावांनी स्वतः ट्रंपेट वाजवलं.

इंग्रजी शब्द तोंडात बसेनात म्हणून बेबीनंदानं आपले शब्द घातले. तिचं एक गाणं होतं:

घागर बुडाली, दोर तुटला गं,
खाली वाकून कुणी बघंना.

एवढंच. पण 'बघंना'वर ती आवाज फाडायची आणि मच्छिंद्र खालून असा वाजवायचा की आडाच्या तळाशी कुणीतरी भिंतींवर हात आपटतंय असं वाटावं. एकोणनव्वद साली औरंगाबादला एका कॉलेजात बँडची स्पर्धा होती, तिथे तिघं गेले. साडीतली बाई माइकपाशी आलेली बघून पोरं शिट्ट्या मारायला लागली. गाणं सुरू झाल्यावर शिट्ट्या थांबल्या. संपलं तेव्हा सगळं सभागृह उठलं. बक्षीस मिळालं नाही. परत येताना एसटीत मच्छिंद्र खिडकीच्या दांडीवर बोटं वाजवत होता.

"बेबी, हे तर आत्ता कुठं सुरू झालंय. थ्रॅश ऐकलं ना सिराजकडं, ते सुसाट पळणारं मेटल? याच्या बी म्होरं काहीतरी येणार. आपण सगळं वाजवू."

पुढच्याच महिन्यात सिराजनं शेडमध्ये टेप लावून त्यांची पाच-सहा गाणी एका कॅसेटवर भरली. दुसरी कॉपी काढू, काढू म्हणत राहून गेली.

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये मिलमध्ये एक सळई रोलमधून वळली आणि उसळून बाहेर आली. मच्छिंद्र समोरच होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बेबीनंदाला तोंड बघू दिलं, बाकी अंग झाकलेलं होतं. तिनं हात बघायला मागितले. कुणी दाखवले नाहीत.

साळूबाई केदारखेड्याहून आली ती परत गेलीच नाही. "तिकडं जाऊन मी कुणाकडं बघू?" म्हणाली. सासू-सुना एका खोलीत राहायला लागल्या. ऑर्केस्ट्रा पुढे वर्षभरात मोडला. बेबीनंदा एका बियाणे कंपनीच्या शेडमध्ये बी निवडायला जाऊ लागली. दिवसभर ताटासमोर बसायचं आणि किडकं, फुटकं बाजूला काढायचं. तिथल्या बाया गाणी म्हणायच्या, ही नाही. हिच्याबरोबरच्या मालनबाईला वाटायचं, बाईला गाण्याचं वावडं आहे.

सिराज मात्र यायचा. महिन्या-दोन महिन्यांनी दारात उभा राहायचा, साळूबाईला "सलाम, मावशी" म्हणायचा आणि कॅसेट पुढे करायचा. त्र्याण्णवमध्ये त्यानं आणलेलं काही वेगळंच होतं.

"ह्याला ग्रंज म्हणतात. मेटलसारखी ताकद हाय, पन हे लोक थकलेले हायेत, बेबी. ऐक तर."

तिनं ऐकलं. गाणारा कण्हल्यासारखा गात होता, मग एकदम सगळं फुटायचं, मग पुन्हा कण्हणं. तिला वाटलं, हे तर माझ्यासाठीच कुणीतरी केलंय. आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट ध्यानात आली: हे त्यानं ऐकलंच नाही. याच्या बी म्होरं काहीतरी येणार, असं तो म्हणाला होता, आणि ते आलं होतं.

मग ती प्रत्येक नवी कॅसेट दोघांच्या वाटची ऐकायला लागली. आधी स्वतःसाठी, आणि पुन्हा पहिल्यापासून त्याच्यासाठी. इथे त्याचा हात जोरात पडला असता. इथे तो थांबला असता. हे ऐकून म्हणाला असता, काय ह्यांना ताल येतो का. सिराजशी बोलताना ती सांगायची, "त्यांना हे न्हाई आवडलं." सिराज मान हलवायचा, जणू मच्छिंद्र आतल्या बाजूला झोपलाय.

शहाण्णवच्या श्रावणात ती कामावरून घरी आली तर टेप चालू होता. साळूबाई समोर बसून ऐकत होती. मंदिरातल्या बायांचा हरिपाठ. म्हातारीचा चेहरा पोरीसारखा फुलला होता.

"ये, ये. आमचा हरिपाठ भरून आणला शेजारच्या पोरीकडून. ह्यात माझा आवाज बी निघतो. पाह्य, हा बघ, हा मीच! मला तर ठावंच नव्हतं मी अशी म्हणते."

"कॅसेट कुठली घेतली, आत्या?"

"तुझ्या त्या ढिगातली. जिच्यावर चित्र न्हाई तसली. चित्राची नवी असंल म्हणून हात न्हाई लावला."

चित्र नसलेली एकच कॅसेट होती. जिनिंगच्या शेडमध्ये तिघांनी भरलेली. बेबीनंदानं टेपच्या काचेतून आत पाहिलं आणि सिराजच्या हातचं अक्षर ओळखलं. साळूबाईनं आपल्याच लेकाचे हात पुसून टाकले होते, आणि कधी नव्हे ती हसत होती. त्या बाईला पाच वर्षांत असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"छान आलंय, आत्या," बेबीनंदा म्हणाली. "आवाज लई साफ आलाय." आणि चूल पेटवायला आत गेली.

साळूबाई पाच वर्षांनी वारली. तोवर ती कॅसेट ती रोज लावायची. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही.

सिराजला मात्र बेबीनंदानं दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन सांगितलं. त्यानं हातातली कात्री खाली ठेवली.

"गलती माझी हाय. कॉपी काढली असती तर..."

"गलती कुणाचीच न्हाई. पन सिराजभाई, आता मला नवं काही आणू नका."

"का?"

"जे येतं त्यानं ते अजून मागं ऱ्हातेत. एकेक नवं आलं की एकेक पाऊल मी त्यांना सोडून म्होरं जाऊन राह्यले. त्यांची एक खूण होती, ती बी गेली. मला जिथं ते थांबले तिथंच थांबू द्या."

सिराजनं तिला समजावलं नाही. "बराबर हाय," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो आला तरी रिकाम्या हातानं यायचा, आणि रिकाम्या हातानं आल्यावर दोघांना बोलायला काही सुचायचं नाही. दुकानही चालेनासं झालं. लोक टेप दुरुस्त करण्याऐवजी नवा घ्यायला लागले होते. अठ्ठ्याण्णवमध्ये तो जेद्दाला एका दुकानात कामाला गेला. जाताना भेटायला आला तेव्हा साळूबाई घरात होती म्हणून नीट बोलणंही झालं नाही.

दोन हजार चारमध्ये शेजारच्या माडीवर कॉलेजची पोरं वाजवायला लागली. बेबीनंदा ऐकू येऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यायची. एका रविवारी तिचं तिलाच कळलं नाही, ती जिना चढून त्यांच्या दारात उभी राहिली. पोरं दचकली.

"काकू, आवाज कमी करतो आम्ही."

"नका करू. काय म्हणतात ह्याला?"

पोरगा ओशाळला. "डेथ मेटल, काकू."

ती उंबऱ्यावर बसली. पोरांना नवल वाटलं, मग मजा वाटली. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर सगळं होतं. तिनं विचारलं, ग्रंजच्या नंतर काय आलं? तर त्यांनी तिला एका दुपारीच मधली सगळी वर्षं ऐकवली. गाण्यात बडबड मिसळलेलं न्यू मेटल. कॉम्प्युटरचे आवाज घातलेलं. पुन्हा साधं, गॅरेजमध्ये भरल्यासारखं. मग त्यांचा ड्रम वाजवणारा दोन्ही पायांनी असा सुटला की माडीची फळी थरथरली.

तिनं डोळे मिटले आणि जुन्या सवयीनं शोधायला लागली, इथे त्याचा हात कुठे पडला असता. सापडेना. पुन्हा वाजवायला सांगितलं. पोरांनी पुन्हा वाजवलं. मच्छिंद्राचा चेहरा दिसत होता, खाली बघून हसणं दिसत होतं, पण तो वाजवत नव्हता. त्याचे हात कसे वाजायचे हेच तिच्याकडून गेलं होतं. ती थांबली होती तो जाऊ नये म्हणून, आणि थांबल्या जागी बसून असताना तो कधी निघून गेला हे तिला कळलंच नव्हतं.

"काकू, पाणी आणू का?" पोरानं विचारलं.

"न्हाई रे बाबा. छान वाजवता तुम्ही." ती कठड्याला धरून खाली आली.

पुढच्या वर्षी ईदला सिराज सुटीवर आला. दाढी पांढरी झाली होती. बायको शहाजादीला घेऊन तो बेबीनंदाकडे आला, खजूर आणि एक शाल घेऊन. चहा झाला. शहाजादी शेजारणीशी बोलायला बाहेर बसली तेव्हा बेबीनंदानं मनाचा हिय्या करून विचारलं.

"सिराजभाई, मी लई वर्षं ऐकलं न्हाई. तुम्ही सांगा. आता काय नवीन आलंय?"

सिराजनं कप बशीत ठेवला.

"मला न्हाई मालूम, बेबी."

"म्हंजे?"

"मी बी सोडलं. तू नको म्हणलीस ना, तव्हाच." तो थोडा हसला. "मंग कुणाला ऐकवायला ऐकू? तिघंच तर होतो आपण."

आपण एकटीच थांबलोय असं बेबीनंदाला इतकी वर्षं वाटत होतं. बाहेरून शहाजादीनं हाक मारली, औरंगाबादला जाणारी जीप निघायची वेळ झाली होती. सिराज उठला, चपला घातल्या, आणि दारात क्षणभर उभा राहिला. ती त्याच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. जीप वळून दिसेनाशी झाली तरी उभीच होती.