शोभाच्या मनगटातली नाडी

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही फारसा नाही. पण हा एक प्रसंग मला कुठेच बसवता येत नाही... म्हणून लिहितेय.

नव्वदच्या दशकाचा मध्य. मी बेंगळुरूत फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होते. त्या सकाळी प्रॅक्टिकल होतं — डोळे मिटायचे आणि नुसत्या बोटांनी जोडीदाराच्या हाताची हाडं आणि नाडी शोधायची. माझी जोडीदार शोभा, माझ्याच वयाची, गुबगुबीत मुलगी.

मी तिचं मनगट धरलं. गार लागलं. कातडी सैल. हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं... आणि नाडी इतकी संथ, की पुढच्या ठोक्याची वाट बघावी लागत होती.

"शोभा, हात कधी मोडला होता तुझा?"

"कधीच नाही! का गं?"

डोळे उघडले. तिचा उबदार, धडधाकट हात. नाडीही व्यवस्थित. पण ते वाकडं मनगट मी ओळखलं होतं. माझ्या आत्याचं! आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती शहराच्या टोकाला, के. आर. पुरमला एकटीच राहायची. घरात फोन नव्हता.

पोटात दुखतंय असं सरांना सांगून निघाले. बसमध्ये माझं मलाच हसू येत होतं — काय हा वेडेपणा!

अक्काचं दार आतून बंद. किती हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारचे अण्णा धावत आले. "स्वल्प... जरा बाजूला हो, अम्मा," म्हणत त्यांनी खांद्याने धडका देऊन कडी तोडली.

अक्का न्हाणीघरात पडली होती. शुद्ध नव्हती. मी तिचं मनगट धरलं... तीच नाडी.

अण्णांच्या मदतीने तिला रिक्षात घातलं, हॉस्पिटलला नेलं. हृदयाचे ठोके फार मंदावले होते. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. पेसमेकर बसवला. अक्का पुढे बरीच वर्षं जगली.

माझ्या डॉक्टर मैत्रिणी म्हणतात, योगायोग. असेलही. त्यानंतर मी असंख्य हात हाताळले, पण तसं पुन्हा कधी झालं नाही.

अक्का जरा सावरल्यावर मी तिला विचारलं होतं, "पडलीस तेव्हा माझी आठवण काढलीस का? हाक मारलीस?"



"नाही गं," ती म्हणाली. "दार बंद... म्हटलं, हाक मारून ऐकणार कोण? म्हणून गप्प पडून राहिले."