कॅलेच्या बोटीवरचा रुपया

काल बसनं दवाखान्यात जाताना तिलवाऱ्याचा पूल आला. नर्मदेत टाकायला मी सवयीनं ह्यांच्या हातात रुपया ठेवला. ते नुसते त्याच्याकडे बघत बसले.

मला कॅलेहून इंग्लंडला निघालेली ती बोट आठवली. खारा वारा, डिझेलचा वास. ह्यांनी कठड्याशी जाऊन समुद्रात रुपया फेकला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नर्मदे हर!" गोरी माणसं वळून बघू लागली.

मी शालीत तोंड लपवलं. "अहो, लोक पाहून राहिले!"

"पाहू दे. पार तर तीच नेते."

डोव्हर येईपर्यंत आम्ही हसत होतो.

काल रुपया मीच फेकला, "नर्मदे हर" मीच ओरडले. ह्यांनी अंग चोरलं आणि परक्या बाईशी बोलावं तसं हिंदीत म्हणाले, "दीदी, लोग देख रहे हैं."